तानाबाईचा काटा

मी एकदा एका गावातली बेचाळीस लेकरं एका दुपारी, खुर्चीवरून न उठता, प्रत्येकी अर्धा किलोनं वाढवली होती. हे आजवर कुठल्या आईला, कुठल्या डॉक्टरला, कुठल्या तुपाच्या डब्याला जमलेलं नाही. मला जमलं. साहित्य: एक निळं बॉलपेन, एक कोरं रजिस्टर आणि बत्तीस वर्षांची अक्कल. म्हणजे वय बत्तीस होतं. अक्कल त्या मानानं बरीच लहान होती. त्या बेचाळिसांतलं एक पोरगं तर गावातच नव्हतं. आईबापासोबत दोन महिन्यांपासून तेलंगणात मिरची तोडायला गेलेलं. तेही इकडे माझ्या रजिस्टरात बसून, काही न खाता, अर्धा किलोनं भरलं.

हे आता कबूल करायचं कारण माझी नात. ती एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नवीनच लागली आहे. परवा फोनवर म्हणाली, "आजी, इथं नमुना न तपासताच आकडा लिहितात. मी पण लिहू का? काही होत नाही म्हणतात." मी म्हटलं, "रविवारी ये, वडाभात करते." आजीची अब्रू जायचीच असेल तर समोर ताट तरी चांगलं असावं. तिनं पोटभर जेवून सगळं ऐकलं, दोनदा ठसका लागेपर्यंत हसली आणि गेली. पुढं तिनं काय केलं ते तिचं ती जाणे. मला मात्र तेव्हापासून तानाबाई काही सोडत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तानाबाई मडावी ही बेहडाटोल्याच्या अंगणवाडीची सेविका. वडशाहून एसटीनं दीड तास, मग फाट्यावर उतरून साग-मोहाच्या जंगलातून चार किलोमीटर पायी, की आलं तिचं गाव. मी पर्यवेक्षिका. म्हणजे तिच्यासारख्या बावीस सेविकांवर लक्ष ठेवणारी. नेमणुकीच्या कागदावर तरी तसं लिहिलं होतं.

माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, ठेंगणी, रुंद खांद्यांची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेली. चष्म्याची एक दांडी गेली होती, तिच्या जागी सुतळी, आणि ती सुतळी कानामागून अंबाड्याला बांधलेली. त्यामुळं तिला चष्मा काढायचा म्हणजे केस सोडावे लागत. म्हणून ती तो झोपतानाच काढायची. कोणी काही सांगू लागलं की ती मान वाकडी करून, त्या चष्म्यातून, समोरच्याच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघायची. मला वाटायचं हिला ऐकू कमी येतं. ऐकू चांगलंच यायचं. ती म्हणे, "तोंड काय, कायबी बोलते."

पहिल्या दिवशी मी गेले ती स्टार्चची आकाशी साडी, डोळ्यांवर गॉगल आणि पायात उंच टाचांची चप्पल अशा थाटात. मला वाटलं, साहेबीण आली हे लांबून कळलं पाहिजे. पहिल्या किलोमीटरला स्टार्च उतरला, दुसऱ्याला गॉगलवर घाम, आणि तिसऱ्यापासून चप्पल हातात. अंगणवाडीच्या दारात तानाबाई उभी होती. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं, मग हातांकडं.

"जोहार म्याडम. हातातच आणाची होती तं हलकी घ्याची होती."

भूक अशी लागली होती की लेकरांची खिचडी वाढून झाल्यावर मी एक ताट मागून घेतलं. मग दुसरं. खिचडीत मीठ नव्हतं, तरी खाल्ली. निघताना ऐटीत रजिस्टर तपासायला घेतलं. त्यात नुकत्याच वाळलेल्या शाईनं लिहिलं होतं: खिचडी खाल्ली, अडतीस मुले आणि म्याडम (दोन ताटे).

"तानाबाई, हे काय लिहिलं?"

"तुमी खाल्ली ना?"

"खाल्ली. पण पाहुण्याचं कोणी असं लिहितं का?"

"पाव्हण्याले मी घरी जेवू घालतो, म्याडम. चाला, आत्ता चाला. हे लेकराइचं हाये." थोडं थांबून, समजुतीच्या सुरात, "अन दुसरं ताट तुमी सोता मांगलं."

"दुसरं अर्धंच होतं," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला होता. सरकारी नोकरीतला तो माझा पहिला लढा.

तानाबाईनं विचार केला. खरोखरच केला, मान वाकडी करून, डोळे मिटून, ताट आठवून. मग म्हणाली, "हे बरोबर हाये तुमचं," आणि दोन खोडून दीड केलं. खोडल्यावर सही केली. मला म्हणाली, "तुमी पण करा." मीही केली. ते दीड ताट माझ्या सहीनिशी अजून कुठल्यातरी कपाटात असेल.

खिचडीत मीठ का नव्हतं ते पुढं कळलं. ती खिचडी चाखायची नाही. चाखणं म्हणजे खाणंच, आणि खिचडी लेकरांची. मग मीठ कळणार कसं? ती वास घेऊन ठरवायची. मिठाला वास नसतो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले येत नसन." त्यामुळं बेहडाटोल्याची पोरं एक दिवस अळणी जेवायची आणि एक दिवस समुद्र. शेवटी मी अधिकाराचा वापर करून लेखी आदेश काढला: सेविकेनं रोज एक चमचा चाखावा. माझ्या सगळ्या नोकरीत लोकांच्या उपयोगी पडलेला हा बहुधा एकच आदेश. तिनं तो भिंतीवर खिळ्यानं लावला आणि रोज रजिस्टरात लिहू लागली: चमचा एक, आदेशावरून.

तिचं हजेरीपुस्तक तर मी घरी नेऊन नवऱ्याला वाचून दाखवत असे. इतर सेविका महिनाअखेरीला एका बैठकीत तीस सह्या करायच्या, वेळ सगळीकडं नऊ. तानाबाईचं तसं नव्हतं.

"उशीर वीस मिनिटे. कारण: वाटेवर अस्वल बसले होते. उठेपर्यंत थांबली."

"उशीर दहा मिनिटे. कारण: नवऱ्यासोबत भांडण. चूक माझी."

आणि दुसऱ्या दिवशी, "उशीर पाच मिनिटे. कारण: कालच्या भांडणात चूक नवऱ्याची होती हे आज कळले, ते सांगायला मागे गेली."

मी म्हटलं, "अहो तानाबाई, पाच मिनिटांसाठी कशाला शाई खर्च करता? नऊ लिहा. पाच मिनिटांनी काय होतं?"

"पाच मिनिटानं काई नाई होत, म्याडम. पण मंग सहाव्या मिनिटाचं मी काय करू?"

मी हसले, आणि बसमध्ये बसल्यावर शेजारणीला सांगितलं, की आमच्याकडं एक येडी आहे.

पण तानाबाई खरी पाहावी ती वजनाच्या दिवशी. महिन्यातून एकदा गावातली सहा वर्षांखालची सगळी लेकरं वजन करायला आणत. अंगणातल्या बेहड्याच्या फांदीला तो गोल, घड्याळासारखा काटा टांगलेला असे. त्याच्या हुकाला कापडी झोळी, तिच्या भोकांतून लेकराचे पाय बाहेर, आणि लेकरू बोंबलत हवेत. वजन वयाच्या मानानं बरं असेल तर कार्डावर हिरवा पट्टा, कमी असेल तर पिवळा, फारच कमी असेल तर लाल. आयांना त्या लाल रंगाची भारी लाज. चारचौघींत कार्ड लाल निघालं, की सासू घरी जाईपर्यंत बोलायची.

सगळ्यात आधी तानाबाई म्हणायची, "थांबा, पयले सायबाले टांगतो."

साहेब म्हणजे एक दगड. नदीतला काळा गुळगुळीत गोटा. आठवडी बाजारात किराणावाल्याच्या मापाशी लावून, छिन्नीनं टवके काढून, तिनं तो बरोबर पाच किलोचा करून घेतला होता. दर वेळी आधी साहेब झोळीत बसायचा, काटा पाचवर यायचा, मग लेकरांची पाळी. एकदा काटा पाचच्या पुढं दोन रेघा गेला, तर तिनं सगळ्या गावाला परत पाठवलं आणि स्वतः काटा खांद्यावर टाकून दुरुस्तीला तालुक्याला गेली. मी विचारलं, "दगडाचं नाव साहेब कशाला?"

"कवाबी इचारा, तेच सांगते. असा एकच भेटला मले."

आया काही कमी नव्हत्या. लाल टाळायला लेकराला वजनाआधी तांब्याभर पेज पाजायच्या, कमरेच्या करदोट्यात काहीबाही लपवायच्या. एका पोराला झोळीत घातलं तर तो हलला की खणखण आवाज. तानाबाईनं कान लावला. "सगुणा, तुह्या पोराचं वजन वाढलं हे चांगलं झालं. पण हा वाजून काऊन राह्यला?" अंगडं वर केलं तर आत अडकित्ता आणि दोन कुलपं. सगुणाच पहिल्यांदा फिसकन हसली. तानाबाईनं अडकित्ता परत दिला आणि त्याच अडकित्त्यानं कातरलेली सुपारी तिथंच बसून खाल्ली. ती सुपारी सगुणाची होती, म्हणून चालत होतं.

आणि दिलप्याची कोंबडी. दिलप्या तीन वर्षांचा, आणि त्याची एक तलंग होती. तलंग म्हणजे अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी. ती तो काखेतून सोडत नसे. वजनाच्या वेळीही नाही. सोडवायला गेलं की तो आणि कोंबडी एका सुरात ओरडायचे. इतर कुणी अंदाजानं किलोभर वजा केलं असतं. तानाबाईनं दोघांना एकत्र टांगलं, मग दिलप्या पाणी पीत असताना कोंबडीला हिसकून एकटीला टांगलं. कोंबडीचा फार अपमान झाला. रजिस्टरात नोंद: कोंबडीसह अकरा किलो शंभर, कोंबडी नऊशे, मुलगा दहा किलो दोनशे.

मी ते वाचून इतकी हसले की पदर तोंडात धरला. पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा दोघांना टांगलं, पुन्हा कोंबडी वेगळी केली आणि मागच्या महिन्याचे आकडे काढून शेजारी धरले. कोंबडी तीनशेनं वाढली होती. दिलप्या शंभरनं उतरला होता. तानाबाईनं त्याच्या आईला हाक मारली. "पाह्य वो, तुहा पोट्टा रोज आपलं ताट कोंबडीले चारून राह्यला." आणि तसंच निघालं. त्या दिवसापासून दिलप्या जेवेपर्यंत कोंबडी टोपलीखाली. माझ्या डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही. मी एवढंच म्हटलं, की बघा, कोंबडीचं बरं चाललंय.

आता माझ्या पराक्रमाचं सांगते.

त्या वर्षी बेहडाटोल्यात सहा लेकरं लाल होती. त्यांत सगुणाची धाकटी, रुनी. दोन वर्षांची, सात किलो आठशे. बाकीची लेकरं झोळीत घातल्यावर आकाशपाताळ एक करायची. रुनी नुसती बघायची. तीन महिने तानाबाई तिच्यापायी बेचैन होती. स्वतःच्या घरची अंडी नेऊन द्यायची. मला म्हणाली, "रडते ते लेकरू मजबूत असते, म्याडम. हे रडूनच नाई राह्यलं. हिले दवाखान्यात नेलंच पाह्यजे." मी म्हटलं, "हो हो, वर कळवते." कळवलंही होतं, कागदावर.

मला त्या दिवसांत दुसरंच वेड. नवरा चंद्रपूरला बँकेत, मुलगा पाच वर्षांचा, आणि मी आठवडाभर तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत. शनिवारी घरी गेले की मुलगा दारातून आत वर्दी द्यायचा, "पप्पा, म्याडम आल्या." चंद्रपूरला बदली मागितली होती. तो अर्ज तालुक्याच्या साहेबांच्या टेबलावर. आणि साहेब माणूस हुशार. आकडे बदला, असं त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटलं नसेल. ते फक्त दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवायचे.

"म्याडम, बेहडाटोल्यात लाल सहा आहेत म्हणे. तुमचा बदलीचा अर्ज पाठवायचाय मला या आठवड्यात."

आणि वर, "जिल्ह्याहून डॉक्टरीणबाई येताहेत सोमवारी, रजिस्टर बघतील."

बेहडाटोल्याचं जुनं रजिस्टर पावसात भिजून फुगलं होतं. "नवीन उतरवून देते," असं सांगून मी ते आणलं होतंच. शुक्रवारी दुपारी कार्यालयात पंख्याखाली बसून उतरवायला घेतलं. पहिलं नाव लिहिलं, पुढं वजन, आणि हात आपोआप अर्धा किलो पुढं गेला. एका लाल पोराला वाढवलं तर संशय येईल, म्हणून पिवळ्यांनाही वाढवलं. पिवळ्यांना वाढवलं, मग हिरव्यांनी काय घोडं मारलं? सरपंचाचा नातू आधीच असा गुबगुबीत की झोळी शिवणीत उसवायची. त्यालाही अर्धा किलो. पानभर एकही लाल नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी खाली जाऊन दोन समोसे खाल्ले.

सोमवारी डॉक्टरीणबाईंच्याच जीपमधून मी बेहडाटोल्याला गेले. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, तुटक बोलणाऱ्या बाई. वाटेत म्हणाल्या, "आज लाल मुलं आयांसकट घेऊनच जायची. दवाखान्यात तीन आठवडे ठेवणार आहे. म्हणून मोठी जीप आणली."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, बाई येतील, बघतील, चहा पितील आणि जातील. मी मांडीवरचं नवं रजिस्टर पदराखाली घेतलं.

अंगणात सगुणा उभी होती. खांद्यावर रुनी, पायाशी गाठोडं, गाठोड्यात ताट-वाटी-चादर. डॉक्टरीण येते म्हणजे लाल लेकरं नेणारच, असं धरून तानाबाईनं तिला तयार राहायला सांगितलं होतं. तिच्या मागं आणखी पाच जणी, पाच गाठोडी. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून नवं रजिस्टर घेतलं, पानं उलटली, भुवया वर केल्या.

"अरे वा. एकही लाल नाही? मग इथं माझं काम नाही. चला, पुढच्या गावाला जाऊ. तिथं गर्दी आहे."

सगुणानं गाठोडं उचललं, मग खाली ठेवलं, मग परत उचललं.

"जरा पाहू द्या जी," तानाबाईनं रजिस्टर मागून घेतलं. बोट ठेवून एक-एक ओळ वाचू लागली. अक्षर माझं, हे तिला पहिल्याच ओळीला कळलं असणार. माझा 'ळ' लांबूनही ओळखू येतो. बोट खाली सरकत गेलं आणि एका नावावर थांबलं.

"म्याडम, हा सुक्या. हा मिरची तोडाले गेला ना मायबापासंग. इथी याले कोणी टांगलं?"

मी बेहड्याच्या झाडाकडं बघितलं. झाडानं काही मदत केली नाही.

तानाबाईनं पुन्हा विचारलं नाही. रजिस्टर मिटलं, काखेत धरलं. "डॉक्टरीणबाई, चहा ठेवला हाये. होते तवरीक येकडाव काटा पाहून घेता का? पयले सायबाले टांगतो."

"कोणत्या साहेबांना?" बाई दचकल्या. त्यांचा ड्रायव्हर एक पाऊल मागं सरला.

दगड झोळीत बसला. बरोबर पाच. बाई वाकून आकडा बघू लागल्या. मग रुनी. सात किलो आठशे. बाईंनी तानाबाईच्या काखेतलं रजिस्टर ओढून घेतलं. "इथं आठ किलो तीनशे आहे."

मग दिलप्या, कोंबडीसह. मग कोंबडी. बाईंनी वजाबाकी केली. अर्धा किलो कमी. मग आणखी एक. अर्धा किलो कमी. मग सरपंचाचा नातू. झोळी उसवली, पण अर्धा किलो कमी. बाईंनी चष्मा पुसला.

"सगळ्या गावाचं अर्धा-अर्धा किलो एकदम उतरलं? साथ आली होती का काही?"

"साथ नाई आली," तानाबाई म्हणाली.

"मग हे लिहिलं कुणी?"

आता सांगते त्या वेळी माझ्या मनात काय आलं. मला माझं दीड ताट आठवलं. जी बाई अळणी खिचडीचं दीड ताट माझ्या नावावर लिहिते, ती हे बेचाळीस अर्धे किलो काय सोडणार? तिनं नाव घेतलं की नोकरी गेली. मनात घरी जाऊन नवऱ्याला सांगूनही झालं. आणि एक दुसरा, अगदी बारीक, लाज वाटावी असा विचारही आला: तानाबाई गप्प बसली, तर मी म्हणू शकते की उतरवताना तिनंच आकडे सांगितले. आला तो विचार. दोन-तीन सेकंद राहिला. लपवून काय करू, आता वय झालं.

तानाबाई रुनीला झोळीतून काढत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "काटा बरोबर हाये, एवढं मी सांगतो. लिवलं त्याचं ज्यानं लिवलं त्यानं सांगावं."

आणि थांबली. आत चुलीवर चहा उतू गेला, कुणी हललं नाही. कोंबडी तेवढी माझ्या पायाशी येऊन एक डोळा वर करून बघू लागली.

"मी," मी म्हटलं.

"काय मी?"

"मी लिहिलं. प्रत्येकाला अर्धा किलो." आणि यापुढचं वाक्य मी का बोलले हे मला आजवर कळलेलं नाही. "सगळ्यांना सारखा दिला. कुणावर अन्याय नको म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी एखाद्या रोग्याची जीभ बघतात. मग रजिस्टरावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "जुनं रजिस्टर द्या. आणि त्या सहा जणींना बसवा जीपमध्ये."

जीपमध्ये सहा आया, सहा लेकरं, सहा गाठोडी. मला जागा उरली नाही. मी चार किलोमीटर चालत फाट्यावर गेले, आणि खरं सांगते, ते बरंच झालं. जीपमध्ये रडता आलं नसतं.

रुनी तीन आठवड्यांनी परत आली. आठ किलो सहाशे, साहेबाच्या साक्षीनं. झोळीत घातल्याबरोबर तिनं अशी बोंब ठोकली की शेजारच्या घरचं कुत्रं उठून गेलं. तानाबाई काट्याखाली उभी राहून चष्म्याच्या सुतळीला हात लावून हसत होती. "रड व माय, रड. आनखीन रड."

मला रीतसर पत्र मिळालं, बदली बारगळली आणि मी त्या जंगलात आणखी दोन वर्षं काढली. मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हा कुठं मला आई म्हणू लागला. त्या दोन वर्षांत तानाबाईनं तो विषय एकदाही काढला नाही. ना टोमणा, ना सहानुभूती. पण दर महिन्याला माझ्या भेटीची नोंद ती अशी करायची: "म्याडम आल्या. आकडा स्वतः पाहिला. मग लिहिला." पहिले सहा महिने मी ते वाचून घाईघाईनं पान उलटायचे. सातव्या महिन्यात मी घरून माझी भिंगाची काच घेऊन गेले. लहान रेघा नीट दिसाव्यात म्हणून.

तिला शेवटची पाहिली ती पाच-सहा वर्षांपूर्वी, वडशाला. हिवाळ्याचे दिवस, नाटकांचा हंगाम, गावात जिकडंतिकडं मंडप आणि भोंगे. मी भाचीकडं आले होते. धानाच्या बाजाराजवळ उन्हात एका ओट्यावर ती बसली होती. केस पांढरे स्वच्छ, चष्मा नवा, दोन्ही दांड्यांचा. पुढ्यात शेंगा. मी जवळ जाऊन उभी राहिले तर तिनं वर न बघता आधी माझे हात पाहिले, मग म्हणाली, "म्याडम, बसा." आणि शेंगांचा ढीग मध्ये बोट फिरवून दोघींत वाटला.

आम्ही बरंच बोललो. तिचा नवरा गेला होता. भांडायला कुणी नाही, म्हणून आता सगळीकडं वेळेवर पोचतो, म्हणाली. रुनीचं लग्न होऊन तिला दोन लेकरं, दोन्ही जाडजूड. मी माझ्या गुडघ्यांचं सांगितलं, नातीचं सांगितलं. मंडपाच्या भोंग्यावर दुपारच्या तिकिटांची घोषणा चालू होती, म्हणून मी जरा वाकून, इतकी वर्षं मनात ठेवलेलं एकदाचं विचारलं.

"तानाबाई, त्या दिवशी मी बोललेच नसते, गप्पच राहिले असते, तर तुम्ही माझं नाव सांगितलं असतं का हो?"

तिनं तोंडातली शेंग नीट चावून संपवली. मान वाकडी केली.

"सांगतलं असतं ना, म्याडम, काऊन नाई सांगतलं असतं? पयले तुमाले आत नेऊन बसवलं असतं, पाणी पाजलं असतं, मंग सांगतलं असतं."